ओट्याखालच्या दारावरचा कागद

गेल्या जून महिन्यात आंबेगाव बुद्रुकमधली माझी सदनिका रिकामी झाली. भाडेकरूंनी किल्ल्या आणून दिल्या, डिपॉझिटमधून शेवटचे वीजबिल वळते करून उरलेली रक्कम मी त्यांच्या खात्यावर पाठवली आणि दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला सोबत घेऊन घर पाहायला गेले. भिंतींवरचे खिळे, बाल्कनीच्या जाळीला पडलेले भोक, मोरीतली सुटलेली टाइल, असे पाहत पाहत स्वयंपाकघरात आले आणि ओट्याखालच्या कपाटाचे दार उघडले. दाराच्या आतल्या बाजूस वहीचा एक कागद चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून चिकटवला होता. त्यावर निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘मनपाचे पाणी एक दिवसाआड, स. ५.४० ते ६.२५. टँकर मंगळ, गुरू, शनी, ९ नंतर. मार्च ते जून रोज विचारणे. दोन ड्रम भरलेले ठेवणे. पाहुणे येणार असतील तर वॉचमनला आदल्या दिवशी सांगणे.’

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. या घराची मी सतरा वर्षांची मालकीण आहे. त्याची इंडेक्स टूची (नोंदणी झालेल्या दस्ताच्या उताऱ्याची) प्रत, मंजूर नकाशा, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, करपावत्या हे सारे माझ्या कपाटात वर्षवार लावलेले आहे. तरीही या घरात पाहुणा येणार असेल तर आदल्या दिवशी पाण्याची वर्दी द्यावी लागते, हे मला त्या कागदावरून कळले.

त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा घरी आला होता. तो हिंजवडीत नोकरी करतो, वय एकतीस, आणि स्वतःच्या राहत्या घराचे कर्ज अजून फिटायचे असताना वाकडला दुसरे घर गुंतवणूक म्हणून घ्यावे असे त्याच्या मनात होते. माझी उभी नोकरी हिशेबखात्यात गेल्यामुळे घरातले असे प्रश्न माझ्याकडे येतात. ‘मावशी, पाच वर्षांत भाव किती वाढेल?’ हा त्याचा पहिला प्रश्न होता. मग तयार घर घ्यावे की बांधकाम चालू असलेले, एक मोठे घ्यावे की शहराबाहेर दोन लहान, पुढेमागे विकायचे झाले तर कर किती, असे एकामागून एक प्रश्न आले. सगळे योग्यच होते. परंतु त्या घरात कोण राहणार आहे, हे त्याने विचारले नाही. २००८ मध्ये मीही ते विचारले नव्हते.

त्याला उत्तर देण्याआधी मी माझ्या घराचा संपूर्ण हिशेब मांडायला बसले. घराची किंमत २२ लाख रुपये होती. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकील मिळून दीड लाख गेले. म्हणजे साडेतेवीस लाखांना ते घर पडले. त्यात १५ लाखांचे कर्ज होते, पंधरा वर्षांच्या मुदतीचे, साडेदहा टक्क्यांनी. हप्ता १६,५८१ रुपयांचा. मधल्या काळात दर थोडे वर-खाली झाले, परंतु तोच दर धरला तरी १८० हप्त्यांचे २९ लाख ८५ हजार होतात, म्हणजे निव्वळ व्याज १४ लाख ८५ हजार. आज त्या भागातल्या प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांवरून माझ्या घराला ६५ लाख मिळावेत. साडेतेवीसचे पासष्ट झाले, असे कोणालाही अभिमानाने सांगता येईल, आणि कबूल करते की मीही ते लग्नकार्यांत सांगितले आहे.

आता करासाठी सरकारने ठरवलेला महागाईचा निर्देशांक त्याच्याशेजारी ठेवून पाहावा. २००८-०९ या वर्षासाठी तो १३७ आहे आणि २०२५-२६ साठी ३७६. या प्रमाणात साडेतेवीस लाख वाढवले तर साडेचौसष्ट लाख होतात. म्हणजे सतरा वर्षांत माझ्या घराची जी किंमत वाढली, ती जवळजवळ सगळी रुपयाच्या घसरणीची भरपाई होती. मी तीन वेळा आकडेमोड करून पाहिली.

या निर्देशांकाचा विक्रीच्या वेळी व्यावहारिक उपयोगही आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले घर विकणाऱ्या निवासी व्यक्तीला दीर्घकालीन भांडवली नफ्यावर दोहोंपैकी कमी पडणारा कर द्यावा लागतो : निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा निर्देशांक लावून वीस टक्के. माझ्या बाबतीत पहिल्या मार्गाने साडेएकेचाळीस लाखांच्या नफ्यावर सुमारे ५ लाख १९ हजार रुपये होतात आणि दुसऱ्या मार्गाने दहा हजारांच्या आसपास. त्या तारखेनंतर घेतलेल्या घरांना ही निवड नाही आणि अनिवासी भारतीयांनाही ती नाही. त्यामुळे माझ्या भाच्याने आज घर घेतले तर त्याच्या नफ्यातून महागाई वजा होणार नाही, हे त्याने पहिल्या दिवसापासून धरून चालले पाहिजे.

मग या घराने मला दिले काय? भाड्याची डायरी मी पहिल्या महिन्यापासून ठेवली आहे. सुरुवातीचे भाडे ७,००० होते, शेवटचे २०,०००. एकूण जमा २३ लाख ४० हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकतकर, एजंटची दलाली, तीनदा रंग, एकदा मोरीचे वॉटरप्रूफिंग असे ७ लाख ९० हजार गेले. उरले साडेपंधरा लाख, भाड्यावर भरलेला आयकर वेगळा. म्हणजे भाड्यातून कर्जाचे व्याज तेवढे फिटले. घराच्या किमतीने महागाईला गाठले, भाड्याने व्याजाला गाठले आणि दरमहा हप्त्याच्या धाकाने जी बचत झाली, ती माझी खरी कमाई ठरली. मी तिला कमी लेखत नाही. हप्ता नसता तर ते पैसे घरखर्चात विरून गेले असते, हे मला ठाऊक आहे.

डायरीत आणखी एक गोष्ट होती, जी मी इतकी वर्षे पाहूनही पाहिली नव्हती. २०४ महिन्यांपैकी १९ महिने घर रिकामे होते. त्यांतले सहा २०२० सालातले, त्या वर्षी भाडेकरू मुले गावी निघून गेली होती. उरलेल्या तेरा महिन्यांची कारणे मी ‘बदली’, ‘मुलांची शाळा’, ‘गावी परत’ अशी लिहून ठेवली आहेत. परंतु पाच भाडेकरूंपैकी तीन जणांनी घर एप्रिल ते जून या काळातच सोडले होते. शाळांची वर्षे बदलतात म्हणून असेल, असे मी धरून चालले होते. ओट्याखालचा कागद वाचल्यावर त्या नोंदी मला वेगळ्या दिसू लागल्या. जाताना कोणीही तक्रार केली नव्हती, कारण भाडेकरू सहसा तक्रार करत नाही, तो दुसरे घर पाहतो.

आंबेगाव बुद्रुक २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आले. त्या वर्षी अकरा गावे समाविष्ट झाली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. इमारती गावांच्या हद्दीत आधी उभ्या राहिल्या आणि नळ, गटारे, रस्ते त्यांच्या मागून सावकाश येत राहिले. शहराच्या कडेला घर घेणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण तिथले दर कमी असण्याचे कारण बहुधा हेच असते. खडकवासल्याच्या साखळीतली चारही धरणे भरल्याच्या बातम्या आपण ऑगस्टमध्ये आनंदाने वाचतो, पण त्यांतले पाणी आपल्या इमारतीच्या टाकीत किती वेळ पडते, हे टाकीपाशी उभे राहूनच कळते. पाण्याची दुसरी बाजूही आहे. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरी भागात मुठेचे पाणी घरांत शिरले, तेव्हा तळमजल्यांवर राहणाऱ्यांत कितीतरी भाडेकरू होते. नदीकाठच्या घराचा दर ऐकण्याआधी निळी आणि लाल पूररेषा नकाशावर कुठून जाते, ते पाहावे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

मेट्रोच्या भरवशावर भाव सांगण्याची रीत आता सर्वत्र आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि त्याच दिवशी स्वारगेट ते कात्रज मार्गाचे भूमिपूजन झाले, तेव्हापासून आमच्या भागातले एजंटही ‘मेट्रोपासून दहा मिनिटे’ असे म्हणू लागले आहेत. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले होते. त्यानंतरच्या जाहिरातींवर विसंबून ज्यांनी घरे घेतली, त्यांच्या भाडेकरूंनी पुढची किती वर्षे वाकडच्या पुलावरच्या कोंडीत काढली, हे माझ्या भाच्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. सोय झाल्यावर तिची किंमत मोजावी, असे माझे मत आहे. ती होण्याआधी मोजायची असेल तर उशिराची वर्षेही किमतीत धरावीत.

भाच्याच्या घराचा हिशेब मी त्याच्यासमोरच मांडला. सदनिकेची किंमत ९० लाख, बांधकाम चालू. मुद्रांक शुल्क सात टक्के म्हणजे ६ लाख ३० हजार, नोंदणी ३० हजार, आणि जीएसटी पाच टक्के म्हणजे साडेचार लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला जीएसटी लागत नाही. बँकेचे कर्ज ७० लाख धरले तर स्वतःचे ३१ लाखांहून अधिक लागतात. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता पडतो ६०,७४८ रुपये. पहिल्या महिन्याच्या हप्त्यात ४९,५८३ रुपये व्याज असते आणि मुद्दल केवळ ११,१६५. त्या इमारतीशेजारच्या तयार सोसायट्यांतले भाडे त्याने स्वतःच चौकशी करून २८,००० सांगितले होते. म्हणजे भाडेकरू मिळाल्यानंतरही दरमहा बत्तीस हजारांहून अधिक रक्कम पगारातून जाणार, आणि ताबा मिळेपर्यंत तर भाडे नाहीच. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घरावरचा तोटा पगारातून वजा करता येत नाही, हेही त्याला माहीत नव्हते. शिवाय दर स्थिर राहत नाहीत. ज्याच्यावरून बँकांच्या कर्जाचे दर हलतात, तो रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२० मध्ये चार टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. ज्यांचा हप्ता तेवढाच राहिला, त्यांच्यापैकी अनेकांची मुदत वाढली होती, आणि ती वाढल्याचे विवरणपत्र उघडल्यावर लक्षात आले.

त्याच्या हातून आणखी एक चूक होऊ घातली होती. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामक संस्थेकडचा त्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक अजून आलेला नव्हता आणि ‘ईओआय’ (एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट, म्हणजे घर घेण्याची इच्छा कळवणारी आगाऊ रक्कम) म्हणून दोन लाखांचा चेक त्याच्याकडून मागितला गेला होता. प्री-लाँचचा दर नंतर मिळणार नाही, असे त्याला सांगण्यात आले होते. नोंदणी होण्याआधी जाहिरात करायला किंवा बुकिंग घ्यायला रेरा कायदा मनाई करतो. नोंदणीनंतरही करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मी घर घेतले तेव्हा रेरा कायदा नव्हता. माझ्या करारात क्षेत्रफळ ९५० चौरस फूट सेलेबल, म्हणजे जिना वगैरे सामाईक जागेचा वाटा धरून, असे लिहिले होते, आणि आत मोजले तेव्हा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतले वापरायचे क्षेत्र, ६८० भरले. आज कार्पेट क्षेत्र करारात लिहावेच लागते, ग्राहकांकडून आलेल्या रकमेचे सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि ताबा लांबला तर व्याज मागता येते. हे संरक्षण लोकांनी फार सोसल्यानंतर मिळाले आहे. दोन लाखांच्या घाईपायी ते सोडून देऊ नकोस, असे मी त्याला कळकळीने सांगितले.

राहणाऱ्या माणसाविषयी मी इतके का लिहिते आहे, याचे मूळ माझ्या माहेरात आहे. माझे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात, दोन खोल्यांत गेले. वडील भाडेकरू होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडे जागच्या जागी थांबले होते, त्यामुळे मालकांना दुरुस्ती परवडत नव्हती आणि आम्हाला जागा सोडणे परवडत नव्हते. पावसाळ्यात माळवदाखाली पातेली मांडली जात आणि मालकांची पत्नी ती पाहूनही आमच्याशी बोलत नसे. दोन्ही बाजूंच्या मनातली अढी मी लहानपणीच पाहिली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांनाही (लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही) कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले आणि ‘भाडेकरू ठेवला की जागा गेली’ ही भीती पुणेरी मालकांच्या घरांत कायमची बसली. आजही कितीतरी लोक दुसरे घर कुलूप लावून ठेवतात, ते याच भीतीपोटी.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानंतर या भीतीला फारसे कारण उरलेले नाही, मात्र करार नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागते. ती न केल्यास वादाच्या वेळी अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. २०,००० रुपये भाड्याच्या अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क सहाशेच्या आत येते आणि नोंदणी एक हजार रुपयांत होते. अंगठ्याचे ठसे घ्यायला एजंट घरी येतो. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट रक्कम मागण्याचा हक्क मालकाला आहे. तो वापरण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

सोसायटीचे प्रश्नही असतात. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी ना-वापर शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये, असा २००१ चा शासनादेश आहे. महापालिकेची चाळीस टक्के करसवलत स्वतः राहणाऱ्यांनाच मिळते. आमच्या इमारतीचे अभिहस्तांतरण मात्र फार काळ रखडले. सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत बांधकाम व्यावसायिकाने जमीन तिच्या नावे करून द्यायची असते. आमच्याकडे ते झाले नाही आणि शेवटी सभासदांनी मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बांधकाम व्यावसायिकाच्या सहीशिवाय सरकारी अधिकाऱ्याकडून जमीन नावे करून घेण्याचा, मार्ग धरला. त्या सगळ्या खटपटीत मी फक्त वर्गणी दिली. वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना दरवर्षी येत असे आणि मी तिथे राहत नसल्यामुळे जात नसे. वाढीव नळजोडाच्या अर्जाचा आणि मोठ्या टाकीचा विषय दोनदा सभेपुढे आला होता आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला होता, हे मला आता जुनी इतिवृत्ते मागवल्यावर समजले. तिथे राहणाऱ्यांपैकी निम्मे भाडेकरू आहेत, त्यांना मत नाही. ज्यांना मत आहे ते माझ्यासारखे दुसरीकडे राहतात आणि त्यांच्या नळाला पाणी येते.

घर विकावे का, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. मुलगी बेंगळुरूला असते. तिला हे घर नको आहे, आणि तिने ते स्पष्ट सांगितले याबद्दल मी तिची आभारी आहे, कारण मुलांना हवे असेल या समजुतीपोटी पुष्कळ घरे बंद राहतात. नामनिर्देशन तिच्या नावे आहेच. परंतु त्याने मालकी ठरत नाही, म्हणून मृत्युपत्रही नोंदवून ठेवले. आज विकले तर कर अगदी थोडा लागेल. आलेली रक्कम मुदतठेवीत ठेवली तर आजच्या भाड्याहून अधिक व्याज येईल, हेही कागदावर दिसते. तरी भाडे दोन-तीन वर्षांनी वाढते, ठेवीची रक्कम तेवढीच राहते आणि माझ्या निवृत्तिवेतनाला त्या वाढीची गरज आहे. म्हणून सध्या घर ठेवायचे ठरवले. ज्या वर्षी महिन्यातून एकदा तिथे जाणे मला झेपणार नाही, त्या वर्षी ते विकायचे, हेही लिहून ठेवले आहे.

जुलैच्या सभेला मी गेले. टाकीचा विषय या खेपेस मंजूर झाला. माझ्या वाट्याला वर्गणीचे ४२,००० रुपये आले, म्हणजे दोन महिन्यांच्या भाड्याहून थोडे अधिक. वाढीव नळजोडाचा अर्ज महापालिकेकडे पुन्हा गेला आहे.

भाच्याने ईओआयचा चेक दिलेला नाही. एका मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता तो त्या प्रकल्पाच्या फाटकापासून स्वतःच्या कार्यालयापर्यंत दुचाकीने गेला, वेळ मोजली आणि परत येताना शेजारच्या दोन सोसायट्यांच्या वॉचमनना दिवसाला किती टँकर येतात ते विचारले. मिळालेले आकडे त्याने मला फोनवर सांगितले. घ्यायचे की नाही, ते त्याने अजून ठरवलेले नाही. तयार घरेही तो पाहतो आहे.

माझ्या घरी ऑगस्टपासून एक परिचारिका, तिचे पती आणि सासूबाई राहायला येणार होत्या. घर पाहायला आल्या तेव्हा सासूबाईंनी खोल्या पाहण्याआधी नळ सोडून पाहिला आणि मला विचारले, “पाणी किती वाजता येतं हो?” मी त्यांना वेळा सांगितल्या, टँकरचे वार सांगितले आणि मार्चनंतर त्रास होतो तेही सांगितले. त्या दोघी एकमेकींकडे पाहून जरा थांबल्या आणि मग भाड्याविषयी बोलू लागल्या. एक हजार रुपये कमी करून आम्ही करार केला.

रंगकाम झाल्यावर ओट्याखालच्या दारावरचा कागद रंगाऱ्याने सोलून टाकला होता. त्यावरचा मजकूर मी आधीच लिहून घेतला होता. वॉचमनकडून वेळा पुन्हा तपासून घेतल्या, ५.४० च्या जागी आता ५.५५ झाले होते, ते सुधारले, खाली वॉचमनचा आणि माझा दूरध्वनी क्रमांक लिहिला आणि नवा कागद त्याच दाराच्या आतल्या बाजूस चिकटवून आले.